सॅम बालकाला विषबाधा झाली तर नेहमीच्या उपचारात काय बदलायचं?

दुर्गम_पीएचसी यांचा प्रश्न

विषबाधेचा तक्ता एका भिंतीवर आणि अतितीव्र कुपोषणाचा (सॅमचा) दुसऱ्या भिंतीवर, अशी बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांची (पीएचसींची) स्थिती. दोन्ही गोष्टी एकाच मुलात आल्या की कुठला तक्ता वाचायचा, हा प्रश्न आहे. चर्चेसाठी एक मूल धरू: वय १८ महिने, वजन ७ किलो, दंडघेर ११.१ सेंमी, पायावर सूज नाही. विष म्हणजे आपल्याकडे नेहमी येतं तेच: रॉकेल किंवा थिनर, फवारणीचं औषध, लोहाच्या गोळ्या किंवा सिरप, तापाचं औषध, मोगली एरंडाच्या बिया.

उलटी काढायची का, पोट धुवायचं का? सलाइन नेहमीच्या हिशोबाने लावायचं का? ‘काही पाजू नका’ असं सांगून उपाशी ठेवायचं, तर किती वेळ? डोस खऱ्या वजनावर काढायचे की वयाला साजेशा वजनावर? पुढचं रुग्णालय तीन तासांवर आहे असं गृहीत धरा.

शिशुकक्ष_विदर्भ

सर, प्रश्नांचा क्रमच बदला. उलटी आणि पोट धुणं हे शेवटी येतं, आणि बहुतेकदा येतच नाही. श्वासमार्ग पाहून झाला की पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी: साखर आणि ऊब. धष्टपुष्ट मुलाच्या यकृतात काही तास पुरेल एवढा साखरेचा साठा असतो, सॅम मुलाकडे तो जवळजवळ नसतोच. त्यात उलट्या, रडारड, उपाशीपोटी जीपमधला प्रवास. मूल सुस्त झालं की सगळे म्हणतात ‘विष चढलं’, आणि प्रत्यक्षात साखर ३० असते.

रक्तात डेसिलिटरला ५४ मिग्रॅच्या खाली साखर म्हणजे उपचार सुरू. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या असतील तर साखर कमी आहे असं धरूनच चाला. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर १० टक्के साखरपाणी ५० मिली, म्हणजे ५० मिली पाण्यात एक चमचा साखर, चमचा किंचित शिगोशीग. बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाइन) ५ मिली प्रति किलो, म्हणजे या मुलाला ३५ मिली. १० टक्केची बाटली सहसा नसते. २५ टक्केचं १४ मिली घ्या, त्यात २१ मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, ३५ मिली तयार. ५० टक्केचं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. २५ टक्के तसंच बारीक शिरेत ढकलू नका, शीर जाते आणि साखर वर जाऊन पुन्हा आपटते. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा.

शीर मिळत नसेल तर चमचाभर साखर दोन थेंब पाण्याने ओलसर करून जिभेखाली ठेवा, वीस मिनिटांनी पुन्हा. मूल ती लगेच गिळून टाकत नाही ना, एवढं बघत राहा. रॉकेलच्या केसमध्ये ही युक्ती फार कामाची, कारण तिथे पोटात नळी घालायची नसते.

ऊब: काखेतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. रॉकेलने किंवा फवारणीच्या औषधाने भिजलेले कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण धुतात नळाच्या गार पाण्याने, आणि मग ओलं मूल स्टीलच्या टेबलावर पंख्याखाली पडून राहतं. कोमट पाणी घ्या, दोन-तीन मिनिटांत उरका, डोकं आधी पुसा, टोपी घाला आणि आईच्या अंगाला अंग लावून वरून पांघरूण घाला. सॅम मुलाच्या कातडीखाली चरबी नसते, ते गार पडायला अर्धा तासही पुष्कळ होतो.

आता उलटी. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याची घरगुती सवय अजून गेलेली नाही. हिशोब करून पाहा. चमचाभर मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम, त्यात सोडियम सुमारे १०० मिलिमोल. सात किलोच्या मुलाच्या अंगात पाणी जेमतेम सव्वाचार लिटर. उलटी झालीच नाही तर एवढ्या एका चमच्याने रक्तातलं सोडियम २० ते २५ ने वर जातं. झटके यायला एवढं पुरतं. शिवाय सॅम मुलाच्या पेशींमध्ये आधीच सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असतं, रिपोर्टमध्ये सोडियम कमी दिसलं तरीही. गावात कोणी मिठाचं पाणी पाजून आणलंय का, हे मुद्दाम विचारा. आपणहून कुणी सांगत नाही.

रॉकेल, थिनर, पेट्रोल: उलटी नाही, पोट धुणं नाही, चारकोल (विष शोषून घेणारी कोळशाची पूड) नाही, दूध-तेल नाही. हे पातळ द्रव पोटात फारसं काही करत नाहीत, ते फुफ्फुसात पसरतात. श्वासनलिकेत १ मिलीपेक्षा कमी गेलं तरी न्यूमोनायटिस (फुफ्फुसाचा दाह) होतो, आणि प्रत्येक उलटी ही त्याला दिलेली संधी. ठसका, खोकला, धाप ही लक्षणं बहुधा सहा तासांत दिसतात. तोवर निरीक्षण, ऑक्सिजन मोजणं, गरज असेल तर ऑक्सिजन. एक्स-रे आल्या आल्या काढून उपयोग नसतो, चार ते सहा तासांनी काढा. साधं मूल सहा तास ठणठणीत राहिलं तर घरी पाठवता येतं. सॅम मूल पाठवू नका, ते मुळात पोषण पुनर्वसन केंद्रात भरती व्हायला हवं होतं.

फवारणीचं औषध, ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं: बारीक बाहुल्या, तोंडाला फेस, घाम, जुलाब, छातीत घरघर. अॅट्रोपीन ०.०५ मिग्रॅ प्रति किलो. या मुलाला ०.३५ मिग्रॅ, म्हणजे ०.६ मिग्रॅच्या अँप्युलमधलं जवळपास ०.६ मिली. पाच मिनिटांनी छाती मोकळी झाली नसेल तर दुप्पट, मग पुन्हा दुप्पट. चार डोस होईपर्यंत सव्वापाच मिग्रॅ, म्हणजे नऊ अँप्युल संपतात. ट्रेमध्ये दोन ठेवून भागत नाही. छाती कोरडी झाली, रक्तदाब-नाडी सावरली की पुरे. बाहुल्यांकडे बघून डोस ठरवू नका, नाडी वेगाने चालते म्हणून अॅट्रोपीन रोखूही नका. या विषावरचा दुसरा उतारा, प्रॅलिडॉक्झिम, पुढच्या रुग्णालयात देऊ द्या. ते अर्ध्या तासात सावकाश द्यावं लागतं आणि घाईत ढकललं तर हृदय थांबू शकतं.

डोस सगळे खऱ्या वजनावर. आज, इथे, कपडे काढून केलेल्या वजनावर. वयावरून अंदाज बांधला तर दीड वर्षाचं मूल दहा किलोचं धरलं जातं, आणि सात किलोच्या अंगात दहा किलोचा डोस जातो.

औषध_खिडकी

लोह आणि पॅरासिटामॉल या दोन्हींत आकडेमोडच सगळं सांगते, म्हणून तेवढंच लिहितो.

गरोदरपणातल्या लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह असतं. घरात याच गोळ्यांचं पाकीट सर्वात हाताशी असतं, वर लाल, गोड लेप. लहान मुलांच्या सिरपमध्ये १ मिलीला २० मिग्रॅ, बाटली ५० मिलीची. आता सात किलोचं मूल घ्या. तीन लाल गोळ्या म्हणजे १८० मिग्रॅ, किलोमागे २६. २० च्या वर उलट्या-जुलाब अपेक्षित. सात गोळ्या म्हणजे ४२०, किलोमागे बरोबर ६०, आणि ६० च्या वर जिवाचा धोका. अर्धी बाटली सिरप म्हणजे ५०० मिग्रॅ, किलोमागे ७० च्या पुढे. पाकिटातली रिकामी घरं आणि बाटलीतली उरलेली पातळी, दोन्ही आणायला सांगा. ‘थोडंसंच प्यायला’ याला काही अर्थ नसतो.

लोहात फसवणारी वेळ असते. पहिले सहा तास उलट्या, काळे किंवा रक्ताचे जुलाब. मग मूल शांत होतं, बरं वाटतं, नातेवाईक घरी जायची घाई करतात. त्यानंतर शॉक आणि अॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं), आणि दोन-तीन दिवसांत यकृत. सॅम मुलात हे जास्त वाईट, कारण लोह बांधून ठेवणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन त्यांच्यात आधीच कमी असतं. मोकळं लोह रक्तात फिरतं आणि पेशी जाळतं. भरती केलेल्या सॅम बालकाला पहिल्या टप्प्यात लोहाचं औषध देत नाहीत, वजन वाढायला लागल्यावरच देतात. त्यामागचं एक कारण हेच. चारकोलला लोह चिकटत नाही, तो देऊ नका. गोळ्या एक्स-रेत दिसतात, सिरप दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ यावर विसंबू नका. रक्तातलं लोह चार ते सहा तासांनी तपासायचं. उतारा डेफेरॉक्झामिन, तासाला १५ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून, तो मोठ्या रुग्णालयातच.

पॅरासिटामॉलमध्ये घोटाळा ड्रॉप्स आणि सिरपचा. ड्रॉप्समध्ये १ मिलीला १०० मिग्रॅ. सिरप दोन प्रकारचं, ५ मिलीला १२५ आणि ५ मिलीला २५०. सात किलोला एका वेळी १०५ मिग्रॅच्या वर नको. म्हणजे ड्रॉप्स १ मिली, साधं सिरप ४ मिली, जोरदार सिरप २ मिली. ‘एक चमचा द्या’ असं चिठ्ठीवर लिहिलं आणि घरात ड्रॉप्स असले, तर एका वेळी ५०० मिग्रॅ जातं, दिवसातून चारदा म्हणजे किलोमागे २८५. उपचार म्हणून दिलेल्या औषधानेच यकृत जातं, आणि कोणालाच ‘विषबाधा’ हा शब्द सुचत नाही.

एकाच वेळी किलोमागे २०० मिग्रॅ ही लहान मुलांतली धोक्याची रेघ मानतात. सॅम मुलात ती रेघ गाठायची वाट पाहू नका. पॅरासिटामॉलचा विषारी अंश निकामी करणारं ग्लुटाथायोन कुपोषणात आधीच आटलेलं असतं, आणि चार दिवस ताप-उपवास झालेला असेल तर आणखी. सलग तीन दिवस रोज किलोमागे १०० गेलं असेल तरी यकृताच्या तपासण्या करून घ्या. रक्तातल्या पातळीचा जो आलेख वापरतात तो एकदाच आणि माहीत असलेल्या वेळी घेतलेल्या डोससाठी आहे, थोडं थोडं वाढून गेलेल्यांसाठी नाही. उतारा एन-अॅसिटिलसिस्टीन, पहिल्या तासात १५० मिग्रॅ प्रति किलो, पुढच्या चार तासांत ५०, त्यापुढच्या सोळा तासांत १००. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये जातं, तेवढं पाणी त्या दिवसाच्या हिशोबात धरा.

दुर्गम_पीएचसी

वजनाचा मुद्दा पटला. मोगली एरंडाचं काय? अंगणवाडीच्या कुंपणालाच लावलेलं असतं, चार-पाच मुलं एकदम येतात. सगळ्यांना उलट्या-जुलाब, सगळ्यांना सलाइन, अशी पद्धत आहे. त्यात एखादं सॅम असेल तर? आणि उपाशी ठेवण्याबद्दल कोणी बोललं नाही.

पोषणकक्ष_सिस्टर

सर, त्या रांगेत सॅम मूल सर्वात आधी वेगळं काढा. सगळ्यांचे दंडघेर टेपने मोजायला दोन मिनिटं पुरतात. मोगली एरंडाने उलट्या-जुलाब तास-दोन तासांत सुरू होतात आणि बहुतेक मुलं दिवसभरात सावरतात. त्यांना पाणी आणि देखरेख पुरते. सॅम मुलाला मात्र बियांपेक्षा सलाइनचा धोका जास्त. खोल गेलेले डोळे आणि चिमटीत धरलेली कातडी सावकाश बसणं, ही दोन्ही लक्षणं कुपोषणामुळेच असतात. त्यावरून ‘डिहायड्रेशन’ ठरवून शंभर मिली प्रति किलो सोडलं, की अशक्त हृदयावर भार पडतो आणि मूल संध्याकाळी धापेने जातं. किती जुलाब झाले, लघवी कधी झाली, डोळे आजच खोल गेलेत का, हे आईला विचारा.

तोंडाने पाणी: रेसोमाल, म्हणजे सॅम मुलांसाठीचं कमी सोडियमचं ओआरएस, मिळालं तर उत्तम. नसेल तर एक लिटर ओआरएसमध्ये पोटॅशियम क्लोराइड सिरप १५ मिली मिसळायचं. ५ मिली प्रति किलो दर अर्ध्या तासाला, दोन तास. म्हणजे या मुलाला ३५ मिली, चार वेळा. वाटी-चमच्याने, एक-दोन मिनिटांना एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. त्यानंतर एक तास हे पाणी आणि एक तास एफ-७५ (सॅम मुलाला सुरुवातीला देतात ते पातळ दूध), असं आलटून पालटून. दर अर्ध्या तासाला श्वास आणि नाडी मोजून लिहा. श्वास मिनिटाला ५ ने आणि नाडी १५ ने वाढली की पाणी थांबवा. यकृत हाताला लागत असेल तर त्याची कड पेनाने पोटावर काढून ठेवा. तासाभराने कड खाली सरकलेली दिसली तर ओव्हरलोड, म्हणजे पाणी जास्त झालं, कुणाला विचारायची गरज नाही.

शिरेतून पाणी फक्त शॉकमध्ये: हातपाय गार, नखावर दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त, नाडी बारीक आणि वेगवान, मूल सुस्त. तेव्हा १५ मिली प्रति किलो, तासाभरात, म्हणजे १०५ मिली. ५ टक्के डेक्स्ट्रोज मिसळलेलं रिंगर लॅक्टेट चालेल. बाटली ५०० ची टांगू नका, मोजपात्र असलेला बुरेट सेट लावा. नसेल तर बाटलीवर १०५ ची खूण करून पट्टी चिकटवा. रात्रपाळीला बाटली संपेपर्यंत चालू राहते, हे सगळ्या वॉर्डांत घडतं.

उपाशी ठेवण्याबद्दल: विष पोटात आहे म्हणून उपाशी, ही सॅम मुलाची सर्वात मोठी शिक्षा. मूल शुद्धीवर आहे, गिळतंय, धाप नाही, उलट्या थांबल्यात, तर एफ-७५ दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दिवसाला १३० मिली प्रति किलो, म्हणजे एका वेळी ७५ ते ८० मिली. तयार पाकीट नसेल तर: गाईचं दूध ३०० मिली, साखर १०० ग्रॅम, तेल २० मिली, उकळून गार केलेलं पाणी घालून एक लिटर. तेल वर तरंगत राहतं, त्यामुळे घुसळून लगेच पाजा, नाहीतर पहिल्या मुलाला तेल आणि शेवटच्याला साखरपाणी मिळतं. घट्ट दूध, अंडं, खिचडी या टप्प्यात नको, आतडं आणि यकृत ते पेलत नाहीत.

अपवाद दोन. रॉकेल पिऊन श्वास मिनिटाला ६० च्या वर चालला असेल तर तोंडाने काही नाही. तेव्हा डेक्स्ट्रोज शिरेतून, सावकाश, साखर दर दोन तासांनी बघत. आणि अॅट्रोपीन चालू असलेल्या मुलाचं आतडं मंदावतं. नळीने पाजण्याआधी मागचं किती उरलंय ते ओढून बघा. मागच्या घासातलं अर्ध्याहून जास्त परत आलं तर ते आत सोडा आणि नवं तेवढंच कमी द्या.

एक राहिलं. उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमध्ये दूध, तेल, तूप काहीही नको, फॉस्फरस तेलात विरघळून जास्त शोषला जातो. तिथे एफ-७५ सुद्धा आधी डॉक्टरांना विचारून, तोवर डेक्स्ट्रोज. ते मूल दोन-तीन दिवस अगदी बरं दिसतं आणि मग कावीळ होते, म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणून सोडू नका.

टॉक्स_फोरम_वाचक

सिस्टरांनी लिहिलेल्याला जोड देतो. एका ठिकाणी मात्र थोडा मतभेद होण्याची शक्यता आहे.

रॉकेलमध्ये अँटिबायोटिक लागत नाही, स्टेरॉइड तर नाहीच, असं सगळे शिकतात आणि ते बरोबर आहे. पहिल्या दिवसाचा ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी केमिकल न्यूमोनायटिसच्या असतात. पण गुंतागुंत असलेल्या सॅम बालकाला अॅम्पिसिलिन-जेंटामायसिन भरतीच्या वेळीच देतात, कारण त्या मुलात जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही. मग रॉकेल प्यायलेल्या सॅम मुलाला द्यायचं का? माझं मत: द्या, पण केसपेपरवर ‘सॅम प्रोटोकॉल’ म्हणून लिहा, ‘रॉकेल’ म्हणून नाही. नाहीतर पुढच्या निरोगी मुलालाही तेच इंजेक्शन मिळायला लागतं.

ऑर्गॅनोफॉस्फरसमध्ये रक्तातलं कोलिनएस्टरेज (हे विष ज्याला निकामी करतं ते विकर) तपासायला पाठवतात. ते यकृतात तयार होतं, त्यामुळे कुपोषणातही कमी येतं. कमी आलं म्हणून विषबाधा सिद्ध होत नाही, आणि त्यासाठी अॅट्रोपीन थांबवून ठेवायचंही नाही. लक्षणं बघून उपचार.

झटके आले तर आधी साखर, मग मिडाझोलाम नाकातून ०.२ मिग्रॅ प्रति किलो. फेनिटोइन या झटक्यांवरच्या औषधाला सावध राहा. ते नव्वद टक्के अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असलं की मोकळं औषध जास्त, रिपोर्टमध्ये पातळी मात्र नॉर्मल किंवा कमी. कापराच्या वड्या खाल्लेल्या मुलांमध्ये हा प्रश्न येतोच, त्यांना झटके काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत येतात. धोतऱ्याचं मूल ओळखायला सोपं: मोठ्या बाहुल्या, लाल तापलेलं कोरडं अंग, हवेत काहीतरी पकडतंय. त्याला अॅट्रोपीन दिलं तर आगीत तेल, एवढं लक्षात ठेवा.

उपाशीपण आणि विष यांचं सर्वात ठसठशीत उदाहरण बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं. लिचीच्या हंगामात, मे-जूनमध्ये, पहाटे मुलांना झटके यायचे आणि साखर तळाला गेलेली असायची. २०१४ च्या हंगामात केलेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की लिचीतलं हायपोग्लायसिन ए आणि त्याच्याच जातीचं दुसरं द्रव्य शरीराची साखर बनवायची वाट अडवतं, आणि रात्री न जेवलेल्या मुलांना धोका जास्त होता. बागेतली लिची पोटभर जेवलेली मुलंही खात होतीच. मुलांना रात्रीचं जेवण द्या आणि आजारी मुलाची साखर ताबडतोब तपासून दुरुस्त करा, या दोन साध्या शिफारशी त्यातून निघाल्या.

पर्यवेक्षिका_आयसीडीएस

दवाखान्यातलं सगळं वाचलं, आता घरातलं.

उंदराचं विष ठेवतात कशात? भाकरीच्या तुकड्यावर, टोमॅटोच्या फोडीवर, भज्यात, गुळात मळलेल्या पिठात. म्हणजे मुलाला हवं असलेलंच खाणं, मुलाच्याच उंचीवर, चुलीमागे किंवा कणगीखाली. भूक लागलेलं रांगतं मूल ते उचलणारच. गृहभेटीत सेविकेने ‘घरात विष आहे का’ विचारू नये, उत्तर ‘नाही’ येतं. ‘उंदरांचा त्रास आहे का, काय ठेवता, कुठे ठेवता’ असं विचारावं. काळसर-राखाडी पावडर असेल तर ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू तयार होतो. मूल ठीक दिसलं तरी पाठवायचं, आणि त्याने उलटी केली तर खोलीची दारं-खिडक्या उघडायची.

रेशनचं रॉकेल पुष्कळ ठिकाणी बंद झालं, पण थिनर, डिझेल आणि फवारणीचं उरलेलं औषध शीतपेयाच्या बाटलीत असतंच. मोठ्या पाण्याच्या हंड्याशेजारी. लोहाच्या गोळ्या साखरेच्या डब्याजवळ ठेवायला आपणच सांगतो, ‘डोळ्यांसमोर राहिल्या की विसरणार नाही’ म्हणून. डोळ्यांसमोर ठेवायच्याच असतील तर बाईच्या डोळ्यांसमोर, म्हणजे आढ्याला टांगलेल्या पिशवीत.

माती, चुना, भिंतीचा पोपडा खाणारं मूल हे वेगळं प्रकरण. बहुतेकदा लोहाची कमतरता असते. आणि लोह कमी असलं की आतड्यात लोहाच्याच वाटेने शिसं जास्त शोषलं जातं. जुना रंग, बॅटऱ्या फोडण्याचं काम चालणाऱ्या वस्तीतली माती, काही सुरमे, भेसळीची पिवळीधमक हळद, ही शिशाची घरं. पोटदुखी, बद्धकोष्ठ, हट्टी अॅनिमिया असं एकत्र दिसलं तर रक्तातलं शिसं तपासायला सुचवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमला पोहोचलं की शिशाचा स्रोत शोधून बंद करायचा आणि मुलात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर ते भरून काढायचं. शिसं काढणारी औषधं सहसा ४५ पासून. नुसतं टॉनिक देत राहिलं आणि मूल त्याच मातीत खेळत राहिलं तर हिमोग्लोबिन हलत नाही.

दुर्गम_पीएचसी

फार उपयोगी. शेवटचं: १०८ मध्ये चढवताना चिठ्ठीवर काय असलंच पाहिजे, आणि तीन तासांच्या वाटेवर काय करायचं?

शिशुकक्ष_विदर्भ

चिठ्ठीवर ‘अननोन पॉयझनिंग, रिफर्ड’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथूनच घोळ सुरू होतो. विषाचं नाव, कंपनीच्या लेबलचा फोटो किंवा बाटलीच सोबत, पण प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत आणि मुलाजवळ नाही. घेतल्याची वेळ आणि जास्तीत जास्त किती गेलं असेल तो आकडा. आजचं वजन, दंडघेर, सूज आहे की नाही. साखर किती होती, कधी, काय दिलं, नंतर किती. तापमान. प्रत्येक औषध मिलिग्रॅममध्ये आणि वेळ घालून. ‘अॅट्रोपीन २ अँप’ असं नको. किती पाणी गेलं. घरी मिठाचं पाणी, तूप, दूध, काही पाजलं का.

निघण्याआधी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर फोन करा. निःशुल्क आहे, चोवीस तास, बाटलीवरचं रासायनिक नाव वाचून दाखवलं की काय द्यायचं ते सांगतात. पुढच्या रुग्णालयालाही कळवा, म्हणजे व्हेंटिलेटर आणि प्रॅलिडॉक्झिम तयार राहील.

वाटेत मूल आईच्या छातीला, डोक्यावर टोपी, गाडीचा एसी बंद. शुद्धीवर असेल आणि धाप नसेल तर दर अर्ध्या तासाला साखरपाणी थोडं थोडं, तीन तासांच्या वाटेत एकदा तरी एफ-७५. सुस्त असेल तर डाव्या कुशीवर, जिभेखाली साखर, आणि गाडीत ग्लुकोमीटर. फवारणीच्या औषधाचं मूल असेल तर अॅट्रोपीन भरलेली सिरिंज आणि जादा अँप्युल सोबत देऊन पुढचा डोस किती मिली ते पट्टीवर लिहून सिरिंजलाच चिकटवा. वाटेत छाती पुन्हा घरघरली तर ईएमटीला (रुग्णवाहिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्याला) फोन लागेलच असं नाही.